उद्यमनगरच्या मिस्त्रींचे आभार

कोल्हापुरात घराच्या दारात पेट्रोल गाडीचं इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) उतरवता येतं, ते उद्यमनगर या तिथल्या कारखान्यांच्या भागातल्या अनाम मिस्त्रींनी हातचं न राखता सांगितलं म्हणून. त्यांचे मनापासून आभार.

गाडीतल्या इंधन पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पेट्रोलच्या लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, हे त्यांचंच सांगणं. काम थंड इंजिनवरच. प्रत्येक व्हॅक्यूम पाइपला चिकटपट्टी लावून नंबर टाकायचा. बोल्ट कडेकडून मधे सैल करायचे, बसवताना मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. एकदम आवळलं की प्लॅस्टिकचं मॅनिफोल्ड तडकतं.

मॅनिफोल्ड उचलताच हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) उघड्या पोर्टमध्ये, म्हणजे हवेच्या भोकांत, स्वच्छ फडकं. एक वॉशर आत पडला तर व्हॉल्व्ह, पिस्टन जातात. जुनं पॅकिंग (सांध्यातलं गॅस्केट) लोखंडी पत्रीने खरवडू नका, अॅल्युमिनियमवर ओरखडा उठतो आणि तिथूनच हवा ओढली जाते. मग आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचा वेग, वर-खाली होतं. पॅकिंग दरवेळी नवंच.

आणि स्पेअर पार्टच्या दुकानातल्या ज्या काउंटरवाल्यांनी जुनं पॅकिंग नव्यावर ठेवून भोकं जुळवून दाखवली, त्यांचेही खास आभार.