व्होस्खोद: जुन्या गोळ्यातली दाटी

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

व्होस्खोद हे सोव्हिएत अंतराळयान नवं होतं का, असं तू विचारलंस. नव्हतं. पहिला अंतराळवीर गागारिन याच्या व्होस्तोक यानाचाच तो २.३ मीटर व्यासाचा गोळा. त्यातली इजेक्शन सीट (संकटात अंतराळवीराला बाहेर फेकणारं आसन) काढली आणि १२ ऑक्टोबर १९६४ रोजी कोमारोव, फिओक्तिस्तोव आणि येगोरोव यांना स्पेससूटशिवाय बसवलं, कारण सूट घालून तिघे मावतच नव्हते. आसनं ९० अंशांत फिरवली, पण उपकरणांचा फलक जागच्या जागीच ठेवला, त्यामुळे मान वळवून वाचावं लागे. उड्डाणाच्या सुरुवातीला रॉकेट बिघडलं असतं, तर सुटकेची काहीच सोय नव्हती. इतका धोका पत्करायला नको होता, असं माझं ठाम मत आहे.

दुसऱ्या व्होस्खोदची ‘वोल्गा’ ही एअरलॉक, म्हणजे यानाबाहेर अंतराळात पडण्यासाठीची मधली खोली, मात्र मला फार आवडते. यानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं केबिनमधल्या हवेनेच थंड होत, म्हणून केबिन निर्वात करणं शक्य नव्हतं. मग बाहेरच्या बाजूला फुगवायची कापडी नळी बसवली. उड्डाणाच्या वेळी ती घडी घालून ०.७ मीटरची, फुगल्यावर २.५ मीटर लांब, आतून १ मीटर रुंद. तिला ताठ ठेवणाऱ्या हवेच्या नळ्यांचे तीन स्वतंत्र गट होते; एक गट फुटला तरी उरलेले दोन तिला उभी धरत.

१८ मार्च १९६५ला या यानातल्या दोघांपैकी लिओनोव बाहेर अंतराळात १२ मिनिटं होता. निर्वातात सूट फुगून ताठरला, बोटं हातमोज्यांतून मागे सरकली. त्याने सूटमधला दाब ०.४० वरून ०.२७ वातावरणावर आणला. त्यात रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची भीती होती. नियम पाय आधी घालायचा, पण तो डोक्याकडून शिरला आणि त्या अरुंद नळीत त्याला उलटं वळावं लागलं.

परतताना यान आपोआप रोखलं जाईना. हाताने रोखायचं, तर आसनं आडवी! त्याचा सोबती, यानाचा कमांडर बेल्यायेव, याला आसनांवर आडवं पडून यानाची दिशा दाखवणाऱ्या दर्शकात बघावं लागलं. मग गुरुत्वमध्य बिघडू नये म्हणून दोघेही आपापल्या जागी परतले आणि तेव्हा कुठे इंजिन पेटवलं. यात ४६ सेकंद गेले. वेग सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर, त्यामुळे यान ३८६ किलोमीटर लांब, पेर्मच्या बर्फाळ जंगलात उतरलं. तिथे दोघांनी दोन रात्री काढल्या.

जानेवारी १९६६ मध्ये या यानांचे मुख्य रचनाकार कोरोल्योव वारले. व्होस्खोदची पुढची मानवी उड्डाणं त्याच वर्षी रद्द झाली आणि सगळं बळ सोयुझ या पुढच्या यानाकडे वळलं. सोयुझबद्दल पुढच्या पत्रात लिहितो.

तुझा,
श्रीधर