ते बायप्लेन सोडून दे

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "बाबा, ते बायप्लेन अजून तसंच आहे," आणि लगेच विषय बदललास. ते बदलणं मला बरोबर कळलं, कारण मीही पाच वर्षं असाच विषय बदलत आलो होतो. ती गोष्ट तुला कधी सांगितली नाही.

आधी तुझ्या विमानाबद्दल, म्हणजे सुटे भाग जोडून तू करते आहेस त्या प्लॅस्टिकच्या मॉडेलबद्दल. तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. वरचा पंख डावीकडे टेकला की उजवीकडे उचलला जातोय. बायप्लेनची खोडच ती. एकावर एक दोन पंख आणि मधल्या दांड्या, सगळ्यांचे कोन एकदमच जुळावे लागतात, तेही सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक चिकटवायचा गोंद, मऊ असेपर्यंत. चांगल्या किटमध्ये दांडीच्या टोकाला खुंटी असते आणि पंखात तिच्या मापाचं भोक. तुझ्या पंखात भोकाच्या जागी नुसता एक खळगा दिसतोय. यात तुझ्या हाताचा दोष नाही. थोडीच किट काढायची म्हणून स्वस्तात केलेले साचे असतात, त्यांत खुंट्या-खाचा बहुधा नसतातच. सगळं आपल्या डोळ्यांवर आणि दैवावर सोडलेलं असतं.

दुसरा प्रकार जुन्या साच्यांचा. वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने साच्यात भरतात. वापरून वापरून साच्याच्या कडा झिजल्या की प्लॅस्टिक फटीतून बाहेर येतं आणि प्रत्येक भागाला कागदासारखी पातळ झालर लागते. तिला आपण फ्लॅश म्हणतो. जिथे प्लॅस्टिक जाड असतं तिथे ते थंड होताना आकसून खड्डा पडतो. खोक्यावरचं चित्र मात्र नवंकोरं असतं. आत तुझ्या जन्माच्याही आधीचा साचा निघू शकतो, आणि खोकं उघडेपर्यंत ते कळत नाही.

आता माझी गोष्ट. लिबरेटर, चार इंजिनांचं बॉम्बर, १/७२, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या मापाचं. या स्केलमध्ये सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो, पण त्या विमानाचे पंख साडेशेहेचाळीस सेंटिमीटर भरतात. मला त्या आकाराचीच भुरळ पडली. धडाचे दोन अर्धे वाकलेले निघाले. मी ते रबरबँडने आवळून चिकटवले आणि फटीत पुट्टी भरली. मग इतकं घासलं की पॅनेलच्या उठावदार रेषाही निघून गेल्या, म्हणून त्या सुईने पुन्हा कोरत बसलो. पुढची काच सुपरग्लूने लावली, तर त्याच्या वाफेने ती आतून पांढुरकी झाली. चौदा महिने गेले. शेवटी तीन चाकांवर उभं केलं तर विमान शेपटीवर बसलं! धड मिटवण्याआधी नाकात वजन घालायचं असतं, एवढं मला माहीत होतं, तरी ते राहून गेलं. तू कितीदा विचारलं होतंस, "बाबा, हे बसलंय का?" मी काय उत्तर दिलं ते न लिहिलेलं बरं.

ते फसलं याचं काही नाही. पुढे जे केलं त्याचं वाईट वाटतं. ते विमान खोक्यात ठेवून मी ठरवलं, हे पूर्ण झाल्याशिवाय दुसरं किट उघडायचं नाही. घेतलेलं काम तडीस न्यावं, हेच मी तुलाही शिकवलं होतं ना. मग टेबलाशी जायचं म्हणजे त्या खोक्याशी जायचं, म्हणून मी टेबलाशी जाणंच सोडलं. कपाटातली आवडीने घेतलेली किट तशीच पडून राहिली, रंगांच्या बाटल्या सुकल्या. पाच वर्षं! ऑफिसच्या कामातही मी स्वतःला इतकी शिक्षा कधी दिली नव्हती.

एका रविवारी खोकं काढलं, चाकं, इंजिनं आणि प्रोपेलर कापून सुट्या भागांच्या डब्यात टाकले आणि बाकीचं फेकलं. पंख तेवढे ठेवले, अजूनही रंग आधी त्यांच्यावरच मारून बघतो. त्याच संध्याकाळी एक छोटं स्पिटफायर, एका पंखाचं लढाऊ विमान, उघडलं. पंखाची मुळं पुट्टीशिवाय धडाला बसली, तेव्हा मी मूर्खासारखा एकटाच हसलो.

आता तू म्हणशील, मग डेकलच्या वेळी का अडवलंत? तेव्हा विमानावर चिकटवायच्या चिन्हांखाली, म्हणजे डेकलखाली, हवा अडकून सगळं चंदेरी दिसत होतं आणि तू ते विमान फेकायला निघाली होतीस. मी म्हटलं, थांब, आधी चकचकीत वार्निशचा थर दे, मग डेकल लाव. त्या अडचणीत शिकण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते तुला पुढच्या प्रत्येक विमानाला उपयोगी पडलं. या वरच्या पंखाशी तू चार महिने झुंजते आहेस. त्यातून तुला एवढंच कळलंय की तो बसत नाही. मला वाटतं, फरक इथेच आहे, पण हे माझं मत. तुला त्याच पंखाशी आणखी भांडायची हौस असेल तर मी मध्ये पडणार नाही.

"पैसे वाया जातील" असंही तू पुटपुटलीस. पैसे किट घेतलं तेव्हाच गेले, बाळ. आता जाताहेत ते तुझे रविवार.

एक काम कर. आज त्याला हात लावू नकोस. कपाटातलं सगळ्यात साधं, एका पंखाचं, कमी भागांचं काहीतरी काढ. कॉकपिट रंगवत बसू नकोस, काच बंद ठेवलीस तर आत कोण डोकावतंय! शनिवारी सुरू करून पुढच्या शनिवारी संपलं पाहिजे असं काहीतरी.

आणि बायप्लेन फेकण्याआधी त्याची चाकं आणि लाकडी दिसणारा तो प्रोपेलर कापून ठेव. पुढच्या खेपेला येशील तेव्हा घेऊन ये. माझ्याकडे एक बिनप्रोपेलरचं विमान बरेच दिवस शेल्फवर उभं आहे.

तुझे,
बाबा