प्रीफिक्स पाहून फाइल परत पाठवू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. सर्वांनी एकच डेटा स्टँडर्ड पाळले की संस्थांमधली देवाणघेवाण आपोआप सुरळीत होईल, असे हल्ली वारंवार वाचायला मिळते. स्टँडर्डला माझा विरोध असण्याचे कारण नाही, माझी नोकरीच त्यावर चालते. पेमेंटच्या एक्सएमएल फाइली (माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नावाची खूण, म्हणजे टॅग, लावलेल्या मजकूर-फाइली) आयएसओ २००२२ या आर्थिक संदेशांच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे तयार करून पुढच्या संस्थेकडे पाठवायच्या, हे माझे काम. पण स्टँडर्ड पाळले असे कधी म्हणायचे, याबद्दल फाइल घेणाऱ्यांचीच समजूत अनेकदा कच्ची असते आणि भुर्दंड पाठवणाऱ्याला बसतो.

अलीकडचेच सांगते. एका संस्थेला (नाव नको) आम्ही फाइल पाठवली. फाइल तयार करणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीने प्रत्येक टॅगच्या नावाआधी 'एनएस०' हा प्रीफिक्स, म्हणजे छोटे उपनाव, लावला होता. अधिकृत स्कीमावर, म्हणजे फाइलीची रचना ठरवणाऱ्या नियमावलीवर, तपासली तेव्हा एकही एरर नव्हती. तिकडून उत्तर आले, 'डॉक्युमेंट टॅग सापडला नाही, फाइल रिजेक्ट.' फोन केला तर सल्ला मिळाला, 'प्रीफिक्स काढून टाका ना मॅडम, बाकीचे काढतात.' वर 'फाइल स्टँडर्डला धरून नाही' असा शेराही.

फाइल स्टँडर्डला धरूनच होती. वेबची स्टँडर्ड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने एक्सएमएलसाठी नेमस्पेसचे (टॅग कोणत्या नावसंचातला, हे सांगण्याचे) नियम जानेवारी १९९९मध्ये जाहीर केले. त्यानुसार टॅगची ओळख नेमस्पेसचे पूर्ण नाव आणि टॅगचे स्वतःचे नाव या जोडीने ठरते. प्रीफिक्स हे त्या पूर्ण नावाचे फाइलपुरते टोपणनाव. 'एनएस०' ठेवा, 'पी' ठेवा, किंवा डीफॉल्ट (बिनप्रीफिक्सच्या टॅगना आपोआप लागू होणारी) नेमस्पेस जाहीर करून काहीच ठेवू नका, टॅगची ओळख बदलत नाही. पूर्ण नाव मात्र अक्षरन् अक्षर जुळावे लागते. कॅपिटल-स्मॉलचा फरक पडला किंवा शेवटी एक तिरकी रेघ जास्त आली, तरी नेमस्पेस वेगळी. हे नाव कधी वेबपत्त्यासारखे दिसते, पण त्या पत्त्यावर काही असायलाच हवे असेही नाही.

दुसरे टोक, म्हणजे नेमस्पेस पाहायचीच नाही, हे याहून वाईट. एक्सपाथ १.० या फाइलीतले टॅग शोधण्याच्या भाषेत बिनप्रीफिक्सचे नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेला टॅग. त्यामुळे डीफॉल्ट नेमस्पेसच्या फाइलीत साधा शोध घेतला तर हाती काहीच लागत नाही. वैतागलेला प्रोग्रामर मग नेमस्पेसच बाजूला सारतो आणि नुसत्या नावाने टॅग शोधतो. आवृत्ती बदलेपर्यंत हे खपून जाते. आयएसओ २००२२च्या संदेशांत आवृत्तीचा आकडा नेमस्पेसच्या नावाच्या शेवटीच असतो, आणि तो शोभेसाठी नसतो. पेमेंट सुरू करण्याच्या संदेशाच्या ०३ आवृत्तीत व्यवहाराची तारीख थेट तिच्या टॅगमध्ये होती. ०९पर्यंत नुसती तारीख की तारीख-वेळ असा पर्याय आला आणि ती आणखी एक टॅग आत गेली. बँकेचा कोड 'बीआयसी' टॅगमध्ये असे, तो 'बीआयसीएफआय'मध्ये आला. नेमस्पेस न पाहणारा प्रोग्राम दोन्ही फाइली बिनतक्रार आत घेतो आणि एकीत बँकेचा कोड रिकामा ठेवतो. आमची बिनचूक फाइल परत येते आणि ही अर्धवट वाचलेली फाइल मात्र खपते!

प्रीफिक्सला कुठेच किंमत नाही, असे मी म्हणत नाही. डिजिटल सही झाल्यावर तो बदलला तर नेहमीच्या पद्धतीत सही अवैध ठरते. तेव्हा 'काढून टाका' म्हणणे म्हणजे पुन्हा सही करा म्हणणे. एक्सबीआरएल या आर्थिक अहवालांच्या स्टँडर्डमध्ये चलनाचा कोड मूल्यातच प्रीफिक्ससह लिहितात. तिथे नेमस्पेसच्या घोषणेत प्रीफिक्स बदलला आणि मूल्यात जुनाच राहिला, तर ते मूल्य अधांतरी.

फाइल घेणाऱ्या संस्था आमच्याकडून चाचणीच्या फाइली मागतात. त्यांनी आपल्या प्रणालीचीही तशीच चाचणी घ्यावी. एकच मजकूर प्रीफिक्सविना, एका प्रीफिक्सने आणि दुसऱ्या प्रीफिक्सने द्यावा, तिन्ही फाइली स्वीकारल्या गेल्या पाहिजेत. चौथी फाइल बंद केलेल्या आवृत्तीच्या नेमस्पेसची द्यावी, ती परत आलीच पाहिजे. आणि रिजेक्ट करताना स्कीमाचा किंवा स्टँडर्डचा कोणता नियम मोडला ते लेखी कळवावे. तसा नियम दाखवता येत नसेल, तर फाइल स्वीकारावी.

आपली,
पेमेंट प्रणालीची देखभाल करणारी एक वाचक