दोन्ही पॅडल ओढले म्हणजे न्यूट्रल झाले, असे नाही

महोदय,

आपल्या वाहन पुरवणीतील स्पोर्ट्‌स कारवरच्या लेखात ‘थांबताच दोन्ही पॅडल एकदम ओढून गाडी न्यूट्रल करावी, त्याने क्लच वाचतो’ असा सरसकट सल्ला दिला आहे. पॅडल म्हणजे स्टिअरिंगमागची, बोटांनी ओढून गिअर बदलायची दोन पाती. ड्युअल क्लच, म्हणजे गिअरबॉक्सला दोन क्लच असलेल्या, गाड्यांना हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. काही गाड्यांत तर दोन्ही पॅडल ओढल्यावर न्यूट्रल पडतच नाही.

हा सल्ला आला कुठून, ते आधी पाहू. १९९७च्या फेरारी एफ३५५ एफ१पासून रस्त्यावरच्या गाड्यांत जे पॅडल आले, त्यांच्यामागे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच क्लच होता. फरक एवढाच, की क्लच दाबायचे काम पायाऐवजी हायड्रॉलिक्स, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, करत असे. तो क्लच एरवी जुळलेलाच असायचा. गिअरमध्ये गाडी उभी ठेवली की हायड्रॉलिक्सला तो सतत दाबून धरावा लागे आणि क्लच दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगवर भार राही. त्या गाड्यांत न्यूट्रल करून थांबणे खरोखर शहाणपणाचे होते.

ड्युअल क्लचमध्ये नेमके उलटे असते. स्पोर्ट्‌स कारमधले हे क्लच बहुतेक तेलात भिजलेले असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. तेलाचा दाब मिळाला तरच ते जुळतात आणि दाब गेला की आपोआप उघडतात. ब्रेक नीट दाबून गाडी उभी असताना गिअरबॉक्सचा संगणक क्लचवरचा दाब स्वतःच उतरवतो. पहिला गिअर पडलेला असतो, पण इंजिनचा जोर चाकांपर्यंत जवळपास पोहोचतच नाही. अर्ध्या मिनिटाच्या थांब्यासाठी न्यूट्रल करून त्यातून वाचण्यासारखे फारसे काही नसते. उलट प्रत्येक वेळी गिअर सरकवणारे शिफ्ट फोर्क मधोमध आणायचे आणि पुन्हा गिअरमध्ये सरकवायचे, हे काम वाढते. थांबा लांबला तर न्यूट्रल जरूर करावे, पण त्याचे कारण वेगळे आहे: ब्रेकवरचा पाय सैल पडला तरी गाडी पुढे सरकू नये.

क्लच खरा भाजतो तो चढावर. ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी तोलून धरली की क्लच अर्धवट घसरत राहतो, तेल तापते आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येते. गर्दीत बोटभर अंतर सरकत राहण्यानेही हेच होते. पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच, क्लच पूर्ण जुळेल इतके पुढे जावे. पॅडलशी खेळण्यापेक्षा याने क्लच कितीतरी अधिक टिकतो.

आता मुख्य मुद्दा. फेरारीच्या ड्युअल क्लच गाड्यांत आणि लँबोर्गिनी हुराकानमध्ये दोन्ही पॅडल एकत्र ओढले की खरे न्यूट्रल पडते. पडद्यावर ‘एन’ दिसतो, पॅडल सोडले तरी तो तसाच राहतो आणि पुन्हा निघताना ब्रेक दाबून उजवे पॅडल ओढावे लागते. पोर्शेच्या २०१३ सालच्या ९११ जीटी३मधील पीडीके (पोर्शेचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स) आणि २०२०ची आठव्या पिढीची कॉर्वेट यांचे तसे नाही. तिथे दोन्ही पॅडल ओढून धरले की फक्त क्लच उघडतात, गिअर पडलेलाच राहतो. पॅडल सोडताच क्लच पुन्हा जुळतो. म्हणजे ही पॅडल हाताने चालवायच्या क्लच पेडलसारखी आहेत. जीटी३मध्ये स्थिरता प्रणाली (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) चालू असेल तर क्लच जरा सावकाश जुळतो. ती बंद असेल तर धाडकन जुळतो, आणि मागची चाके मुद्दाम सैल करण्यासाठी ट्रॅकवर चालक हाच धक्का वापरतात. ओल्या वळणावर गाडीचे नाक बाहेर जाऊ लागले तर क्षणभर क्लच उघडून पुढच्या चाकांना पकड घेऊ देणे, हा दुसरा उपयोग. ही माहिती नसलेल्या माणसाने ‘न्यूट्रल झाले’ असे समजून पॅडल सोडले आणि अॅक्सिलरेटर दाबला तर पुढे काय होईल, हे सांगायला नको.

फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो अॅक्सिलरेटर अडकल्यावर. खरे न्यूट्रल देणाऱ्या गाडीत ब्रेक जोरात दाबून दोन्ही पॅडल ओढले की काम झाले. इंजिन मर्यादेपर्यंत ओरडत राहील, पण गाडी थांबेल. क्लच उघडणाऱ्या गाडीत मात्र पॅडल सोडता कामा नये, नाहीतर पूर्ण वेगाने फिरणारे इंजिन चाकांवर येऊन आदळते. अशा गाडीत सरळ गिअरच्या लिव्हरने किंवा मधल्या कन्सोलवरच्या बटणाने न्यूट्रल करावे. गाडी पूर्ण थांबेपर्यंत इंजिन बंद करू नये. ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते, आणि ती नेमक्या त्याच वेळी सर्वांत जास्त लागते.

ओढण्याची पद्धतही लेखात यायला हवी होती. दोन्ही बोटे एकाच क्षणी आणि ठाम ओढावीत. एक पॅडल किंचित आधी ओढले गेले तर संगणक तो आधी साधा गिअरबदल समजू शकतो. ब्रेकवरचा पाय ‘एन’ दिसल्यावरच उचलावा. फेरारी आणि हुराकानमध्ये पॅडल स्टिअरिंग कॉलमवर स्थिर असतात, त्यामुळे स्टिअरिंग अर्धे वळलेले असताना दोन्ही एकदम हाताला लागणे कठीण. पोर्शे आणि कॉर्वेटमध्ये ती स्टिअरिंगबरोबर फिरतात. पॅडल कधी काम करते आणि कधी करत नाही अशी तक्रार असेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी पॅडलमागचा छोटा स्विच तपासावा. स्टिअरिंगबरोबर फिरणाऱ्या पॅडलचा सिग्नल स्टिअरिंगमधल्या गुंडाळीच्या केबलमधून येतो, तीही पाहावी.

उतारावर न्यूट्रल करून इंधन वाचवायची कल्पना तर सोडूनच द्यावी. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर इंधन बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते, आणि इंजिन ब्रेकिंग गेल्याने ब्रेक तापतात ते वेगळेच.

इंजिन बंद असताना गाडी ढकलायची असेल तर पॅडलचा काही उपयोग नाही. दाब गेल्याने क्लच उघडेच असतात, म्हणून उभ्या गाडीला गिअर धरून ठेवत नाही आणि त्यासाठी वेगळे पार्किंग लॉक द्यावे लागते. ते सोडवण्याची पद्धत प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत वेगळी असते. ओढून न्यायची वेळ आली तर चारही चाके उचलणारा सपाट ट्रकच मागवावा. इंजिनचा जोर मिळणारी चाके रस्त्यावर फिरत राहिली आणि इंजिन बंद असले, तर तेलाचा पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा घासतो.

शेवटी लेखातल्या छायाचित्राविषयी. ‘दोन्ही पॅडल असे एकत्र ओढा’ या ओळीवर मॅक्लारेनचे स्टिअरिंग छापले आहे. २०११च्या १२सीपासून त्यांचे पॅडल म्हणजे दोन टोके असलेली एकच सलग पट्टी आहे. उजवे टोक ओढले की डावे पुढे जाते, त्यामुळे दोन्ही एकत्र ओढणे शक्यच नाही. १२सीमध्ये न्यूट्रलसाठी मधे ‘एन’ लिहिलेले बटण आहे. पुढच्या अंकात निदान एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक