सारामागो आडनावाबद्दल मित्राला पत्र

फोंडा, १४ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न दोनच ओळींचा होता: सारामागो हे पोर्तुगीज आडनाव आलं कुठून, आणि ते लावणारे लोक किती? उत्तर मात्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

सारामागो (लिस्बनकराच्या तोंडून ऐकलंस तर ‘सरामागु’ असं काहीसं ऐकू येईल) हे एका झाडपाल्याचं नाव आहे. बांधावर, पडीक रानात आपसूक उगवणारा जंगली मुळा, मोहरीच्या कुळातला. टंचाईच्या दिवसांत गरीब लोक त्याचा पाला खात. आपल्याकडच्या मुळ्यांशी सोयरीक जुळवायचा मोह तुला होईलच, तो आवर.

हे आडनाव जगाला माहीत झालं ते १९९८च्या साहित्याच्या नोबेलमुळे. ते मिळवणारे पोर्तुगीज कादंबरीकार जोझे सारामागो यांचा जन्म १९२२ साली अझिन्यागा गावचा. हे गाव गोलेगां तालुक्यात, सांतारें जिल्ह्यात. वडिलांचं नाव जोझे दे सोझा, आणि घराण्याला गावात ‘सारामागो’ म्हणत. अशा गावठी टोपणनावाला पोर्तुगीजमध्ये ‘अल्कुन्या’ म्हणतात. एका गावात पाच सोझा असले की अल्कुन्या लागतेच. जन्मनोंद करणाऱ्या कारकुनाने आपल्या मनानेच ती अल्कुन्या सोझाच्या पुढे लिहून टाकली. घरच्यांना पत्ता लागला तो मुलाला सातव्या वर्षी शाळेत घालताना, दाखला काढल्यावर. पुढे कागद जुळावेत म्हणून वडिलांनाही सारामागो व्हावं लागलं. मुलाने बापाला आडनाव दिल्याचं हे उदाहरण खुद्द जोझेच मिश्किलपणे सांगत. त्या नोंदीतली तारीखही खरी नाही. जन्म १६ नोव्हेंबरचा, नोंद १८ची. नोंदणीची मुदत उलटली होती आणि दंड चुकवायचा होता.

दुर्मीळ पोर्तुगीज आडनाव म्हणजे जुनं, खानदानी आडनाव असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा खरं असतं ते उलट. ते एखादं टोपणनाव असतं, आणि कुठल्याशा दिवशी कुणीतरी ते वहीत लिहिलं म्हणून टिकतं. शोध घ्यायचा तो त्या दिवसाचा. शब्दाचा अर्थ कोशात पाच मिनिटांत सापडतो, पण त्यावरून घराणं हाती लागत नाही. जंगली मुळा सगळीकडेच उगवतो. दोन गावांत दोन वेगवेगळ्या घरांना तेच टोपणनाव पडलं असेल तर ती दोन सारामागो कुळं एकमेकांची कुणीच नसतील.

याच घरातली बाकीची नावं बघ. जोझेच्या आईचे वडील जेरोनिमो मेल्रिन्यो आणि आईची आई जोझेफा कायशिन्या. मेल्रिन्यो म्हणजे शब्दशः छोटा मेल्रो पक्षी, कायशिन्या म्हणजे छोटी पेटी. दोन्ही नावं टोपणनावांसारखीच दिसतात. आणि त्यांची मुलगी, म्हणजे जोझेची आई? मारिया दा पियेदादे. तिच्या नावात ना पक्षी, ना पेटी. पियेदादे हे भक्तीतून आलेलं नाव; दे जेझूस, दा कोन्सेइसांव, दु रोझारियो ही त्याच जातीची. ती बहुधा मुलींना मिळत आणि त्यांवरून कुळ कळत नाही. विसाव्या शतकापूर्वी सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी असणंही नेहमीचंच होतं. आडनाव बापाकडून मुलाकडे सरळ उतरतं हे आपलं गृहीतक घेऊन पोर्तुगीज वह्यांत शिरलास की दुसऱ्याच पिढीत वाट चुकलास म्हणून समज.

आता प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा ते. सुरुवात नेहमी अलीकडच्या नोंदीपासून, मग मागे. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सक्तीची झाली ती १ एप्रिल १९११पासून. त्याआधीचं बहुतेक सगळं चर्चच्या वह्यांत. शंभर वर्षांपेक्षा जुन्या जन्मनोंदी, पन्नासांहून जुन्या विवाहनोंदी आणि तिसांहून जुन्या मृत्यूनोंदी अभिलेखागारात जातात. अझिन्यागासाठी ते सांतारेंचं जिल्हा अभिलेखागार. बऱ्याचशा वह्यांची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट बघता येतात. पण आधी ‘फ्रेगेझिया’, म्हणजे चर्चचा गाव, माहीत हवा. नुसता जिल्हा कळून भागत नाही. वह्या गावनिहाय आहेत.

मग पहिला गोंधळ होतो तो सूचीत. बहुतेक जुन्या सूची आडनावाने नाहीत, पाळण्यातल्या नावाने आहेत. जोझे ‘ज’मध्ये, मारिया ‘म’मध्ये, आणि मारियांची पानंच्या पानं. दुसरा गोंधळ म्हणजे बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचं फक्त पहिलं नाव असतं. आडनाव त्या माणसाला चिकटलेलं दिसतं ते थेट त्याच्या लग्नाच्या नोंदीत. म्हणून मी आधी लग्न शोधायला सांगतो, मग दोघांचे बाप्तिस्मे. १८६०पासून नोंदींचा साचा ठरला. त्यात आईबापांचं गाव, धंदा आणि चारही आजी-आजोबांची नावं सापडतात. एका चांगल्या नोंदीत तीन पिढ्या. समासात नंतर कुणी काही खरडलंय का तेही बघ: लग्न, मृत्यू, कधी नावातला बदल.

लिस्बनचं घराणं असेल तर १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपाची आणि आगीची आठवण ठेव. तिथल्या अनेक चर्चच्या वह्या त्यात गेल्या. तोर्रे दु तोम्बु, म्हणजे राष्ट्रीय दफ्तर, इमारत कोसळूनही बरंचसं वाचलं. इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची प्रकरणं तिथेच आहेत, आणि इन्क्विझिशनमधल्या पदांसाठी अर्ज करणाऱ्यांच्या वंशाची चौकशीही. टोपणनावं या कागदांत सढळपणे लिहिलेली असतात.

स्पेलिंगचं वेगळं बघ. १९११च्या लेखनसुधारणेत बहुतेक दुहेरी अक्षरं गेली, ‘वाय’ आणि ‘टीएच’ गेले. दोन ‘एल’चा मेलो एका ‘एल’चा झाला, सोझातला ‘झेड’ जाऊन ‘एस’ आला. गोव्यात आणि वसईत जुनंच वळण राहिलं. डिमेलोंच्या स्पेलिंगमधला दुहेरी ‘एल’ तिथूनच आलेला. त्यामुळे एकाच आडनावाची दोन-तीन रूपं शोधल्याशिवाय ‘सापडत नाही’ म्हणू नकोस.

राहिला आकड्यांचा प्रश्न. ‘जगात इतके सारामागो’ असं ठासून सांगणारी पानं तुला दिसतील. ती बहुतेक मतदारयाद्या आणि फोनच्या डिरेक्टऱ्या घेऊन अंदाज वाढवतात. सिल्वासारख्या आडनावाला ते चालून जातं. ब्राझीलच्या २०२२च्या जनगणनेत सिल्वा सुमारे ३ कोटी ४० लाख निघाले. दुर्मीळ आडनावाला दहा माणसं इकडची तिकडे झाली तरी चित्र बदलतं. त्यात पोर्तुगीज कायद्याने माणसाला दोन नावं आणि चार आडनावं लावता येतात. रीतीने आईचं आधी, बापाचं शेवटी, आणि यादीत तो माणूस शेवटच्या आडनावाखाली जातो. म्हणजे सारामागो आईची मुलं मोजणीतून गळतात. उलट लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव जोडणारी बायको मोजणीत येते, रक्ताचं नातं नसताना. इंटरनेटवर किती वेळा शब्द आढळतो हे तर या आडनावाच्या बाबतीत बघूच नकोस. सगळीकडे एकच माणूस भेटेल.

खरा अंदाज हवा तर एकच गाव धर, वीस-वीस वर्षांच्या अंतराने विवाहाच्या वह्या बघ, आणि नवरा, नवरी, चारही आईबाप व साक्षीदार यांत ते नाव किती वेळा येतं ते मोज. कंटाळवाणं आहे, पण आडनाव कुठे दाट आहे आणि कधी उगवलं, दोन्ही कळतं.

सगळीच दुर्मीळ आडनावं टोपणनावं नसतात, हेही सांगून ठेवतो. काही परदेशी आहेत आणि त्यांचा पहिला माणूस बोट ठेवून दाखवता येतो. पेसान्या म्हणजे राजा दिनिशने १३१७ साली आरमारासाठी आणलेला जेनोव्हाचा पेसान्यो. पेरेस्त्रेलो इटलीतल्या पियाचेंझाचे. अझोरेस या पोर्तुगीज बेटांवरचा दुत्रा हा फ्लेमिश व्हान ह्युर्टर. अशांचा माग सोपा. झाडांच्या नावांची आडनावं म्हणजे ज्यूच, ही समजूत मात्र सोडून दे. १४९७च्या सक्तीच्या धर्मांतरानंतर ज्यूंनी आसपासची प्रचलित आडनावंच घेतली. पेरेरा (नासपतीचं झाड) आणि ओलिवेरा (ऑलिव्हचं झाड) जुन्या, म्हणजे धर्मांतरित नसलेल्या ख्रिश्चनांतही भरपूर होते. आणि कुळचिन्ह छापून विकणाऱ्यांना पैसे देऊ नकोस.

तू ओघात विचारलंस की गोव्यात अशी आडनावं का दिसत नाहीत. इथे उलटा प्रकार झाला. धर्मांतराच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे, त्यामुळे मोजकी आडनावं आणि ती लावणारे हजारो. फर्नांदिश, रोद्रिगिश ही मुळात फर्नांदोचा मुलगा, रोद्रिगोचा मुलगा अशी नावं. गोवेकराच्या बाबतीत त्यावरून पोर्तुगीज रक्त सिद्ध होत नाही. इथे शोध घ्यायचा तर गावकरीच्या (गावच्या सामाईक जमिनीचा कारभार बघणाऱ्या जुन्या संस्थेच्या) कागदांतून जुन्या हिंदू कुळनावाचा घ्यायचा.

तुझ्याकडे अशी एखादी जुनी नोंद असेल तर तिचा फोटो पाठव, समासासकट. गावाचं नाव अर्धवट लागत असेल तरी चालेल; तालुका कळला की फ्रेगेझियांची यादी मी काढतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अवि