रंग उडाला, पाण्याचे काय?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कापड रंगाईच्या सांडपाण्यावर एन्झाइमचे मणी (रंग तोडणारे प्रथिन आत कोंडलेले जेलीचे गोळे) हा रामबाण उपाय, असे अलीकडे वरचेवर वाचायला मिळते. उपाय खोटा नाही. पण प्रयोगशाळेत बहुधा स्वच्छ पाण्यात एकच रंग विरघळवलेला असतो. सुती कापडाच्या रिअॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जुळवणाऱ्या) रंगाईत लिटरमागे 40 ते 80 ग्रॅम मीठ आणि वर धुण्याचा सोडा पडतो. पीएच 11 च्या घरात जातो. बुरशीपासून काढलेल्या लॅकेज या रंग तोडणाऱ्या एन्झाइमला साधारण 4 ते 6 पीएच मानवतो, आणि मिठातले क्लोराइड त्याला मंद करते.

मणी करणे तसे सोपे. 100 मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात 3 ग्रॅम सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून मिळणारी जेली धरणारी पूड) ढवळत ढवळत भुरभुरा. एकदम ओतले की गुठळ्या होतात. त्यात एन्झाइम मिसळून सिरिंजने थेंब थेंब गार कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडा (डायहायड्रेट, लिटरला सुमारे 30 ग्रॅम). तासाभरात मणी घट्ट होतात. घोटाळा पुढे आहे. रंगाईच्या पाण्यातला सोडियम मण्यातल्या कॅल्शियमची जागा घेतो, सोड्यातले कार्बोनेट उरलासुरला ओढते, मणी फुगून बुळबुळीत होतात आणि एन्झाइम पाण्याबरोबर वाहून जाते. फॉस्फेट बफरही हेच करतो. म्हणून आधी पाणी निववून आम्लाने पीएच उतरवावा. खारट रंगाईचे पाणी वेगळे ठेवून मणी धुलाईच्या पाण्यावरच वापरावेत, हे उत्तम.

लॅकेजला हवा लागते, तेव्हा तळातून बुडबुडे सोडावेत. पेरॉक्सिडेज हे दुसरे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालते; ते वापरणाऱ्यांचा हात मात्र सैल असतो: मेडिकलमधले 6 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरला अर्धा मिलिलिटर घालून सुरुवात करावी, तेही थोडे थोडे. जास्त झाले की तेच एन्झाइमला मारते.

पाणी नितळ दिसले तरी एक चाचणी चुकवू नये. काही मणी उकळून त्यांतले एन्झाइम मारावे आणि तेही तशाच पाण्यात ठेवावेत. त्यांनीही रंग तितकाच उतरला, तर रंग तुटलेला नाही, मण्यांनी शोषला आहे. अल्जिनेट मॅलाकाइट ग्रीनसारखे बेसिक (धनभारित) रंग पटकन धरते, तर कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनचा, मण्यांसाठी वापरला जाणारा पदार्थ) रिअॅक्टिव्ह रंग. मणी कापून पाहावा. आत गडद रंग दिसला की समजावे.

रंग तुटला तरी त्याचे तुकडे पाण्यातच राहतात, आणि मीठ तर एन्झाइमच्या हिशेबातच नाही. म्हणून इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक भागात काय किंवा उज्जैनजवळच्या भैरवगढच्या बाटिक छपाईत काय, यंत्रणा विकणाऱ्याकडून आधीच्या व नंतरच्या पाण्याचे सीओडी (पाण्यातले सेंद्रिय प्रदूषण) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) यांचे आकडे मागावेत, बाटल्यांचे फोटो नव्हे. इंदूरच्या कान्ह नदीचे पाणी शेवटी क्षिप्रेलाच मिळते.

वापरून झालेले रंगीत मणीही गटारात किंवा बागेत टाकू नयेत. ते इतर रासायनिक गाळाबरोबरच द्यावेत.

— एक वाचक, इंदूर