सीटी स्कॅन शिकायचे ते दारात उभे राहून?

महोदय,
रेडिओलॉजी तंत्रज्ञाचा कोर्स करणारी माझी पुतणी शहरातल्या एका सेंटरवर प्रशिक्षणाला जाते. काम काय, तर रजिस्टर भरणे आणि पेशंटला आत-बाहेर नेणे. कन्सोलला, म्हणजे मशीन चालवायच्या संगणकाला, हात लावायची मुभा नाही. उद्या हीच मुले रात्रपाळीला एकटी बसणार!

छातीच्या साध्या एक्स-रेला सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचे एकक) रेडिएशन लागते, सीटीला त्याच्या कितीतरी पट. पेशंट गॅन्ट्रीच्या (मशीनच्या गोल कड्याच्या) मधोमध न घेता वर-खाली राहिला, तर मशीन आपोआप ठरवत असलेला डोसही चुकतो. लहान मुलाला मोठ्यांचा प्रोटोकॉल (स्कॅनची ठरलेली सेटिंग) लावला तर विचारूच नका. कॉन्ट्रास्ट (स्कॅन स्पष्ट दिसावा म्हणून शिरेतून द्यायचे औषध) देण्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघणे, इंजेक्टर सुरू असताना सुई शिरेतून सरकली, हात फुगू लागला, तर लगेच थांबवणे, हे पुस्तक वाचून कसे येणार?

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कोकणातून, सीमाभागातूनही पेशंट येतात. शिकायला केसेसची वाण नाही. अशा तंत्रज्ञांसारख्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहेच. विद्यार्थ्याने देखरेखीखाली स्वतः केलेल्या स्कॅनची, वरिष्ठांच्या सहीची नोंदवही परीक्षेआधी सक्तीची करावी. नुसत्या हजेरीवर प्रमाणपत्र देऊ नये.

– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर